गोचीड आणि गोचीडताप : तुमच्या कुत्र्यामांजरांचे अनुभव लिहा

पाऊस उघडला की आमच्याकडे गोचिडींचा कहर होतो. आधी माझंच सांगते. आमची ब्राउनी, गावठी, चार वर्षांची. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब, मला वाटलं पायाला काही लागलं, बघते तर एका नाकपुडीतून येतंय. अंगावर एकही गोचीड सापडली नाही म्हणून गोचीडताप डोक्यातच आला नाही. रक्त तपासलं तर प्लेटलेट १८ हजार, असायला हव्यात किमान दोन लाखांच्या आसपास, आणि एर्लिकिया (गोचीड चावून रक्तात येणारा जंतू) पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, चावल्यावर ताप यायला आठ ते वीस दिवस जातात, तोवर गोचीड कधीच गळून पडलेली असते. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, पोटभर खाल्ल्यावरच, नाहीतर ओकायची. आठवड्यात ती उड्या मारायला लागली, पण कृपा करून कोर्स मधेच सोडू नका.

लॅबवाला दादा
आमच्याला बॅबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा, पण तांबड्या पेशी फोडणारा दुसरा परजीवी. लघवी कोऱ्या चहासारखी झालेली आणि हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त चढवावं लागलं, सोसायटीतल्या एका जर्मन शेफर्डने दिलं, त्याचे उपकार विसरणार नाही. यावर औषध वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेली गोळी आपल्याला देऊ नका. मी तेच करून तीन दिवस घालवले.

मनीची आई
मांजरवाल्यांनो, हे नक्की वाचा. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध उरलं होतं, ते मी मनीला जरासं लावलं. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं, मांजरांना ते विष. तीन तासांत तिचे कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. ती रात्र दवाखान्यातच काढली. वाचली. पाकिटावर मांजराचं नाव नसेल तर लावू नका.

कोकणकर
कुत्र्याला औषध आणि घर तसंच, असं आम्ही वर्षभर केलं. एक मादी हजारो अंडी घालते आणि ती अंगावर नाही, भिंतीच्या भेगेत, खाटेमागे. टॉर्च मारला तर चौकटीच्या फटीत साबुदाण्याएवढ्या करड्या गोचिडी रांगेने बसलेल्या! भेगा सिमेंटने बुजवल्या, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढलं, तेव्हा कुठे थांबलं. अंगावरची गोचीड काढताना रॉकेल वगैरे नको, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. बोटांच्या बेचक्यात, कानात आणि पट्ट्याखाली रोज बघतो, आता आमचा मोती दिवे लागले की आपणहून पंजा पुढे करतो.