डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन म्हणजेच टॅनिक अ‍ॅसिड का?
आणि चहातलं टॅनिनही तेच का? नाही, टॅनिन हे एका पदार्थाचं नाव नाही, झाडांतल्या तुरट पदार्थांचं अख्खं कुटुंब आहे ते. टॅनिक अ‍ॅसिड मायफळातून मिळतं (ओकच्या झाडावर गांधीलमाशीसारखा छोटा कीटक अंडी घालतो, तिथे ज्या गाठी येतात ती मायफळं), मधे एक ग्लुकोज आणि त्याला चिकटलेले गॅलिक अ‍ॅसिडचे गट, पुस्तकात दहा गट दाखवतात पण प्रत्यक्षात ते कमी-जास्त गट असलेल्या रेणूंचं मिश्रण असतं.

डाळिंबात मात्र मुख्य आहे प्युनिकॅलाजिन नावाचं टॅनिन. त्यात गॅलिक गट सुटे नसतात, एकमेकांना जोडलेले असतात, आणि म्हणूनच पाण्याने तो रेणू फुटला की गॅलिक नाही तर इलॅजिक अ‍ॅसिड बाहेर पडतं, ते पाण्यात जेमतेम विरघळतं म्हणून खाली गाळ बसतो. हिरडा, अक्रोड, रासबेरी यातही याच प्रकारची टॅनिनं, त्यांना इलॅजिटॅनिन म्हणतात. मला तर हा भाग फार सुंदर वाटतो, एकाच गॅलिक अ‍ॅसिडपासून झाडं कुठल्या कुठे जातात!

चहातली तुरट द्रव्यं, म्हणजे कॅटेचिनं, वेगळ्या घराण्यातली, खैरातलीही त्याच घराण्यातली. लोखंडाचा क्षार टाकून बघा, डाळिंबाच्या सालीचं पाणी निळसर काळं होतं, खैराचं हिरवट. हिरवट रंग कशामुळे तर खैरातल्या कॅटेचिनमधे शेजारी शेजारी दोनच ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, गॅलिक गटात तीन.