'उपेक्षा' करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मूळ प्रश्न, साताऱ्याहून
शनिवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण ध्यानाला बसतो. बहुतेक पेन्शनर. मी शिक्षिका वगैरे नाही, फक्त वाचून दाखवते. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना फळ्यावर लिहिलेल्या असतात. परवा चौथीवर आले आणि म्हटलं, "ज्याचं वागणं पटत नाही त्याला डोळ्यांसमोर आणा, त्याच्याविषयी उपेक्षेची भावना करा." कोपऱ्यातल्या आजी डोळे मिटूनच म्हणाल्या, "ते आमची सून रोज करती की, ध्यानाला न बसता!" झालं, सगळे फसकन हसले. पोवई नाक्यापर्यंत चालत येताना माझ्या डोक्यात तेच. फळ्यावर दुसरा कुठला शब्द लिहू?

वाईहून
ताई, शब्द बिचारा निर्दोष आहे. उप म्हणजे जवळ, ईक्ष् म्हणजे पाहणे. अपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा ही सगळी त्याच धातूची भावंडं. दुर्लक्ष हा अर्थ संस्कृतातही होता, मराठीने तेवढाच ठेवून घेतला. 'उपेक्षित' म्हटलं की आपल्याला गावकुसाबाहेरचा माणूस आठवतो, ऋषी नाही.

पतंजलींच्या योगसूत्रात (१.३३) कामं वाटून दिलेली आहेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. हेतू एवढाच की आपलं चित्त गढूळ होऊ नये. बौद्धांच्या पाली ग्रंथांतली 'उपेक्खा' याहून रुंद, म्हणजे मनाचा समतोल, तो सगळ्यांविषयी सारखाच ठेवायचा. बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरच्या ग्रंथात या प्रत्येक भावनेचा एक लांबचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. जवळचा म्हणजे दिसायला अगदी तिच्यासारखा, म्हणून ओळखू न येणारा. उपेक्खेचा जवळचा शत्रू कोण? अजाणपणातून आलेली बेफिकिरी. मराठीत त्या शत्रूने घरच बळकावलं!

(त्याच ग्रंथात मैत्रीचा सराव आधी स्वतःपासून, मग आदराच्या माणसापासून, पुढे 'मध्यस्थ' आणि शेवटी वैरी असा आहे. मध्यस्थ म्हणजे ना आवडता ना नावडता. आमच्याकडे मध्यस्थ जमिनीच्या व्यवहारात दोन टक्के घेतो.)

कराडहून
'तटस्थता' लिहा की. एवढा काथ्याकूट कशाला?

सांगलीहून
तटस्थ नको हो दादा. तट म्हणजे काठ. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घरात शिरली तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. पाण्याच्या कडेला मोबाईल उंच धरून उभी असलेली माणसं मला अजून दिसतात. खरे तटस्थ ते. नंतर एक जण पाण्याच्या बाटल्या वाटायला आला, दर बाटलीमागे एक फोटो. त्याला आमची कीव आलेली. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा गावातून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आल्या, मध्ये ठेच्याची पुडी. कुणी केल्या ते आजतागायत कळलं नाही. भाकऱ्या जाडजूड होत्या, एक करपलेली.

म्हणून करुणेला मी 'कळवळा' म्हणेन. कीव करता येते, वरून खाली. कणव दाटून येते, पण बऱ्याचदा तिथेच थांबते. कळवळा मात्र पोटातला. पोटात कळ आली की माणूस कळवळतो, आणि दुसऱ्याचं बघूनही कळवळतोच; मराठीने दोन्हींना एकच क्रियापद दिलंय. तुकोबांचं 'ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभाविण प्रीति' आहेच.

वाईहून
कळवळा मान्य. फक्त बुद्धघोष इथेही टोकतील: करुणेचा जवळचा शत्रू शोक. नुसतंच कळवळत बसलं तर भाकरी कोण थापणार?

कराडहून
बरं, तटस्थता मागे घेतो. मुदितेला 'कौतुक' चालेल का? जाऊबाईच्या मुलाला नोकरी लागली की मनापासून वाटतं ते. अर्थात 'मोठं कौतुक सांगतोय!' हेही आपणच म्हणतो.

सांगलीहून
चालेल. आणि उपेक्षेला 'समता' लिहा, विपश्यनेच्या शिबिरांत तोच शब्द ऐकलाय.

मूळ प्रश्नकर्ती
समता लिहून पाहिलं. एका काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे आरक्षणाबद्दल आहे का?" पुसलं. मग वाईकरांचं 'जवळून पाहणं' सांगितलं: जवळ राहायचं, बघायचं, पण उगाच मध्ये हात घालायचा नाही. आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे गॅसवर दूध ठेवल्यावानी. तिथनं हलायचं न्हाई, सारखं ढवळायचं बी न्हाई. वर यायला लागलं तर बंद करायचं."

फळ्यावर 'उपेक्षा'च आहे. त्याच्यापुढे कुणीतरी खडूने बारीक अक्षरात 'दूध' लिहून ठेवलंय.