बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, एकही कागद पुढे सरकत नाही. वारस, हक्कसोड, सोसायटी – मदत हवी आहे

कोपऱ्यातली खिडकी

नमस्कार मंडळी,

इथे आजवर नुसती वाचक होते, आज स्वतःसाठी धागा काढतेय. लांबेल, त्याबद्दल आधीच माफी. अर्धी माहिती दिली की उत्तरही अर्धंच मिळतं, हे गेल्या दीड वर्षात शिकलेय.

२०२४ च्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी बाबा गेले, झोपेतच. मृत्युपत्र नाही. "माझ्याकडे काय एवढं आहे की लिहून ठेवू" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही तीन भावंडं. दादा पुण्यात, मी डोंबिवलीत, धाकटा जर्मनीत. आई डोंबिवलीच्या घरात एकटी राहते. आणि गावाला आजी, म्हणजे बाबांची आई, वय ८९. आजीचं का सांगतेय ते पुढे येईलच.

बाबांच्या मागे आहे ते असं: १९९६ साली घेतलेला डोंबिवलीचा फ्लॅट, त्यांच्या एकट्याच्या नावावर. एका राष्ट्रीयीकृत बँकेत साधारण ११ लाखांच्या ठेवी, पावत्यांवर नॉमिनी नाही. कपाटात लग्नाच्या साडीखाली प्लास्टिकच्या पिशवीत चार कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं. आणि सातारा जिल्ह्यात थोडी कोरडवाहू जमीन. तिच्या सातबाऱ्यावर काकांचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.'.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून झाली. हॉस्पिटलचा फॉर्म घाईत कोणीतरी भरला, त्यात दत्तात्रेयचं 'दत्तात्रय' झालं. आधार, पॅन सगळीकडे मात्रा आहे, दाखल्यावर नाही. त्या एका मात्रेसाठी सात आठवडे गेले.

मग बँक. वारसांच्या रकान्यात आम्ही चौघांची नावं लिहिली, फोटो चिकटवले, सह्या केल्या. धाकट्याची सही कुरियरने मागवली. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, "त्यांची आई आहे का हो?" म्हटलं आहे. "मग त्याही वारस." माझा विश्वास बसेना. घरी येऊन शोधलं तर खरंच. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. (मयताचे वडील मात्र त्या यादीत नाहीत. कोणी ठरवलं असेल?) म्हणजे चार नाही, पाच वारस. सगळे फॉर्म पुन्हा. ते दिल्यावर बँक म्हणाली, कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणा.

सोसायटीत बाबांनी १९९८ साली दादाला नॉमिनी केलंय. सेक्रेटरी म्हणतात, एकतर नॉमिनीचं नाव लावतो, नाहीतर कोर्टाचा कागद आणा. दादा म्हणतो, "माझं लावून टाकू सध्या, पुढचं पुढे." वहिनी काहीच बोलत नाहीत. दादावर माझा संशय नाही, हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि आता चौथ्यांदा लिहून तसंच ठेवतेय. आमचं तिघांचंही म्हणणं घर आईच्या नावावर व्हावं असंच आहे. पण 'सध्या'ची मला भीती वाटते.

धाकट्याने तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून पाठवलं होतं. त्यासाठी त्याने रजा काढली, आगगाडीने चार तास गेला. इथे आजीचा मुद्दा निघाल्यामुळे ते माझ्या कपाटात पाच महिने पडून राहिलं. आता वकील म्हणतात, परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचं असतं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

गावाचं तर विचारूच नका. आजोबा १९८९ ला गेले, तेव्हापासून जमीन काकांच्या नावाने. तलाठी म्हणतात दोन्ही आत्यांचाही संबंध येतो. त्यातली मोठी आत्या वारली, तिची मुलं सुरतला. काकांनी व्हॉट्सॅपवर हक्कसोडीचा मसुदा पाठवला: 'आम्ही बहिणी राजीखुशीने' वगैरे. खाली माझं नाव टाइप केलेलं होतं, मला न विचारता. खाली लिहिलं होतं, "एवढी सही पाठव, बाकीचं मी बघतो."

आता खरं दुखणं. गेल्या महिन्यात आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता अंथरुणालाच आहे. भेटायला गेले तर हात धरून म्हणाली, "दत्ताचं काही अडलंय का गं माझ्यापायी?" मी नाही म्हटलं. आणि परतीच्या एस्टीत बसून हिशेब करत होते की आजीचं काही झालं तर तिचा फ्लॅटमधला पाचवा हिस्सा कुणाकुणाकडे जाईल. स्वतःचीच किळस आली. पण हिशेब पूर्ण केला.

जाणकारांनी कृपया सांगा: कोर्टात जावंच लागेल का? सोसायटीत दादाचं नाव लागू द्यावं का? काकांच्या कागदावर सही न करता जमिनीत नाव लागतं का? आणि आधी काय करू? आई रोज संध्याकाळी विचारते, "आज काही झालं?"

---

वाटाण्याची उसळ

वाचतोय. आमच्याकडेही हाच घोळ. वाचनखूण साठवली.

---

वकील नाही पण

ताई, दोन कागदांची सरमिसळ होतेय, आधी ती सोडवा. सक्सेशन सर्टिफिकेट (१९२५ चा कायदा) हे येणी आणि रोखे यांच्यासाठी: ठेवी, शेअर. घर-जमिनीला ते लागत नाही. स्थावरासाठी जो 'वारसा दाखला' म्हणतात तो आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. होय, १८२७, पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी. बँकेने एक मागायचा, सोसायटीने दुसरा, आणि आपण दोघांना तिसराच नेऊन द्यायचा, यात लोकांची वर्षं जातात.

बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले, ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल, वारसांत भांडण नसेल तर १५ लाखांपर्यंतचा दावा व्यापारी बँकेने सोप्या पद्धतीने निकाली काढायचा. हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचं ना-हरकत, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर. (सहकारी बँकेला मर्यादा ५ लाख.) तुमचे ११ लाख त्यात बसतात. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवस, उशीर बँकेमुळे झाला तर वर व्याज. तोंडी बोलू नका. अर्ज द्या, पोच घ्या, निर्देशांचा उल्लेख करा. ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार.

शेअरचं शेवटी बघा. एका कंपनीतले कागदी शेअर ५ लाखांच्या आतले असतील तर तिथेही कोर्टाशिवाय भागतं. फक्त सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेलेले असतील. ती वेगळी वारी.

---

चेअरमन (माजी, सुदैवाने)

सोसायटीची बाजू मी सांगतो, अकरा वर्षं भोगलीय. सहकार कायद्यात २०१९ साली नवं प्रकरण आलं, त्यातलं कलम १५४ब-१३ वाचा. सभासद वारला की हिस्सा मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारसा दाखला, वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी कशाच्याही आधारे हस्तांतरित करता येतो. म्हणजे तुमच्यात एकमत असेल तर कोर्टाचा कागदच हवा हा हट्ट सेक्रेटरींना करता येत नाही. आणि नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, वारसांची नावं लागेपर्यंत. मालक होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे वेगवेगळ्या प्रकरणांत सांगून झालंय, विम्याबद्दल डिसेंबर १९८३ ला, शेअरबद्दल डिसेंबर २०२३ ला.

पण खरं सांगू का, 'तात्पुरतं' लावलेलं नाव काढायला कोणी येत नाही. आमच्या इमारतीत २००७ पासूनचे दोन तात्पुरते आहेत. दादांचं नाव मधे आणूच नका, थेट आईच्या नावे हक्कसोड करा. दादाच सगळ्यात आधी सही करतील बघा, त्यांनाही 'सध्या'मधून सुटायचं असेल.

---

जुना सातबारा

महसुलात होतो, निवृत्त आहे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्याचा अर्थच असा की जमीन एकट्या काकांची नाही, ते सगळ्यांच्या वतीने नावापुरते आहेत. १९८९-९० चा तो फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद) काढा, त्यात बहुतेक सगळ्या वारसांची नावं सापडतील. 'आपले अभिलेख'वर मिळतो का बघा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज. तो हातात आला की ए.कु.मॅ. शेरा कमी करून सर्वांची नावं लावण्याचा अर्ज आणि बाबांच्या वारसांची नोंद.

एक लक्षात घ्या, वारस नोंदीला सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत, सगळ्यांची नावं लागतात. कोणीही एक वारस अर्ज करू शकतो. नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सुरतची मुलं येवोत न येवोत. आत्यांचा हक्कही २००५ च्या दुरुस्तीवर अवलंबून नाही. आजोबांच्या हिश्श्यात मुलींना १९५६ पासूनच वाटा होता. आजीलाही.

काकांच्या मसुद्यावर सही करू नका. करायची असेल तर नाव लागल्यावर, वाचून, नोंदणी कार्यालयात. आणि जमीन व फ्लॅट एकमेकांत गुंतवू नका. फ्लॅट दोन महिन्यांत होईल, जमिनीला वेळ लागू द्या, ती कुठे पळत नाही.

---

स्पष्टवक्ता७१

बहिणींनी हक्क मागितला की घराचा उकिरडा होतोच. आमच्या आत्यांनी हसत हसत सोडलं होतं.

कोकमसरबत

@स्पष्टवक्ता७१, आत्यांना विचारलं होतं का कधी, हसत होत्या की कसं ते?

---

आडवाटेची

ताई, तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा लावते. आधी आजी. एस्टीत केलात तो हिशेब बरोबर आहे: आजी गेल्या तर त्यांचा पाचवा हिस्सा काका, आत्या (मोठीच्या जागी तिची मुलं) आणि तुमच्या बाबांच्या जागी तुम्ही तिघं असा फुटेल. त्यात तुमच्या आईला काहीच नाही, कारण त्या यादीत सून नसते. आज पाच सह्या लागतायत, उद्या दहा. माझ्या सासरी हेच झालं. आम्ही 'जरा सावरू दे' म्हणत थांबलो आणि वारस वाढत गेले. किळस वाटून घेऊ नका.

अडचण अशी की हक्कसोडपत्र सहसा फ्लॅट जिथे आहे तिथल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात आणि आजी गावाला. म्हणून आजींनी त्यांच्या भागातल्या दुय्यम निबंधकासमोर कुलमुखत्यारपत्र द्यायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकारी घरी येऊ शकतात. गृहभेटीचा अर्ज करा, सोबत डॉक्टरांचा दाखला. भान शाबूत आहे असं त्यात लिहून घ्या. आणि कृपा करून हे कपाटात ठेवू नका. देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं. झाल्यावर त्याच आठवड्यात हक्कसोड नोंदवा. रक्ताच्या नात्यात, मोबदल्याशिवाय असेल तर मुद्रांक ५०० रुपये (ऑक्टोबर २०२४ आधी २०० होता), नोंदणी फी वेगळी. धाकट्याचं नवं मुखत्यारपत्र तोवर यायला हवं, त्याला आजच फोन करा.

आणि एक. आजींना विचारा. त्या वारस आहेत, अडथळा नाहीत. त्यांना सोडायचं नसेल तर तोही त्यांचा अधिकार.

---

कोपऱ्यातली खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. माजी चेअरमनसाहेब, तुमचा अंदाज खरा ठरला. दादाला थेट हक्कसोडीचं म्हटलं तर तो पलीकडून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मीच सुचवणार होतो, तुला वाटेल मी सुटका करून घेतोय." धाकटा चिडला, मग हसला, पुन्हा रजा टाकलीय. बँकेला लेखी अर्ज दिला. पोच द्यायला वीस मिनिटं घासाघीस, पण शिक्का मिळाला. जुन्या फेरफाराच्या नकलेचा अर्ज दिलाय. काकांना अजून उत्तर दिलेलं नाही.

आडवाटेची, रविवारी गावी गेले. आजीला सगळं सांगितलं, कायद्याचंही. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली, "दत्ताच्या मुंबईच्या घरात माझाबी वाटा?" आणि असं हसली की ऑपरेशनची जागा दुखायला लागली. मग म्हणाली, "सुनेला देते. तिनं मला तिथं चार महिने ठेवून घेतलं होतं, मोतीबिंदूच्या वेळी." मला ते आठवतही नव्हतं.

गृहभेट पुढच्या गुरुवारी ठरलीय. आजी म्हणतेय अंगठा देणार नाही, सही करणार. चौथीपर्यंत शिकलीय आणि रोज जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव चाललाय. पण हात फार थरथरतो, प्रत्येक सही वेगळी येते. चालेल का? की अंगठ्यासाठी मन वळवू?

जुना सातबारा

अंगठा तर दस्त नोंदवताना यंत्रावर घेतातच. दस्तावर सही करू द्या. जशी येईल तशी.