अनुभव धागा : नागपूरची थंडी आणि परसातले खुराडे

मनीषनगर (धाग्याची सुरुवात)

नागपुरात खुराडे बांधताना आपण सगळा विचार मे महिन्याचा करतो. दोन बाजूंना नुसती जाळी, वर पत्रा, आणि वारा जितका खेळेल तितका बरा. डिसेंबर उजाडला की तेच खुराडे उघडे पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरातला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, त्या आठवड्यात माझ्या नऊ कोंबड्यांपैकी दोन दगावल्या, आणि त्या थंडीनेच गेल्या असे मी बरेच महिने धरून चाललो होतो. घाबरून मी चारही बाजू प्लॅस्टिकने गच्च बंद केल्या होत्या. सकाळी आत डोके घातले की डोळे चुरचुरत, तरी मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे पशुवैद्यकांनी समजावले की ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया कोंडून राहिला की पक्ष्यांच्या श्वासमार्गाला इजा होते आणि मग साधी सर्दीही जिवावर बेतते. कोंबडीच्या अंगचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून, एकमेकींना चिकटून ती आपल्याकडची थंडी सहज निभावून नेते. तिला सोसत नाही ती ओल आणि अंगावर थेट येणारा झोत. आता मी उत्तरेकडची जाळी कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंत झाकतो आणि छपराखालची वीतभर पट्टी रात्रभर उघडी ठेवतो.

आपापल्या खुराड्यात काय केले आणि काय फसले, ते सविस्तर लिहावे. कोंबड्या चार असल्या तरी चालेल.

बेसा

आमच्याकडे गिरिराज जातीच्या सहा कोंबड्या आहेत. बारदानाची पोती उसवून, जोडून पडदा शिवला आहे आणि खालच्या कडेला बांबू ओवला आहे, म्हणजे तो गुंडाळून वर बांधता येतो. तो सूर्यास्ताला सोडायचा आणि ऊन अंगणात आले की वर करायचा, हे रोजचे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही. रात्री १० अंश आणि दुपारी २८, असे इथले दिवस असतात. एकदा लग्नाला गेलो आणि पडदा दिवसभर तसाच राहिला, तर संध्याकाळी सगळ्या चोची उघडून धापा टाकत होत्या.

दुसरी गोष्ट पत्र्याची. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते आणि थेंब थेंब खाली ठिबकते, त्यामुळे पाऊस नसतानाही खुराड्यात खाली अंथरलेली तुसाची गादी ओली का होते, हे मला दोन हिवाळे उमगले नव्हते. आता पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधून त्यांच्यावर धानाची तणस पसरली आहे.

कामठी

गादीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते निम्मी तयारी तिथेच होते. पश्चिम महाराष्ट्रातले लोक भाताचे तूस म्हणतात, आम्ही धानाचे तूस म्हणतो. भंडाऱ्याकडच्या राईस मिलमधून पोत्याने मिळते. दिवाळीनंतर जुनी गादी पूर्ण काढतो, जमीन आणि भिंती चुन्याने सारवतो, फटींमधल्या गोचिडांकडे विशेष लक्ष देतो आणि तीन-चार इंच नवे तूस टाकतो. त्यानंतर दर दोन दिवसांनी खालीवर करतो. मूठभर तूस दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर मोकळे झाले तर ठीक, लाडू राहिला तर ओल आहे. पाण्याच्या भांड्याभोवती लाडू नेहमीच होतो, म्हणून भांडे विटेवर ठेवावे आणि तेवढा भाग रोज बदलावा. ओल्या गादीत रक्ती हगवण लागते, आणि ती लहान पिल्लांमध्ये झपाट्याने पसरते.

हुडकेश्वर

माझी चूक लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जानेवारीत पंचवीस पिल्ले आणली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करायची असते, इतके माहीत होते. ब्रूडरमधला (पिल्लांना ऊब देण्याच्या खोक्यातला) जुना पिवळा बल्ब गेला, दुकानात तसा मिळाला नाही, म्हणून एलईडी आणून लावला. उजेड भरपूर होता, पण ऊब जवळजवळ नव्हती. सकाळी पिल्ले एका कोपऱ्यात ढीग करून पडली होती आणि खालची चार गुदमरून गेली होती. तेव्हापासून थर्मामीटरआधी पिल्लांकडे पाहते. बल्बखाली गर्दी केली तर थंडी आहे, कडेला पळाली तर उकाडा आहे, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर आहे. कोपरेच नकोत म्हणून पुठ्ठ्याचे गोल कडे केले आहे.

हिंगणा रोड

अंडी कमी होतात त्याला थंडीपेक्षा लहान दिवस अधिक कारणीभूत आहे. डिसेंबरमध्ये आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि भरपूर अंडी हवी असतील तर कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. मी दिवा पहाटे लावतो, कारण संध्याकाळी तो अचानक विझला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत आणि खालीच बसून राहतात.

प्रतापनगर

हिंगणा रोडवाल्या भाऊंचे गणित मान्य आहे, पण मी दिवा लावत नाही. पिसे झडून नवी येण्याच्या दिवसांत कोंबडीने विसावा घ्यावा, असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे होते आणि मला ते पटते. चार जणांच्या घराला आठवड्याला सहा अंडी कमी मिळाली म्हणून काही अडत नाही.

कळमेश्वर

संध्याकाळी नेहमीच्या खाद्यावर मूठभर भरडलेला मका देतो, म्हणजे रात्रभर पचनाची ऊब राहते. थंडीत त्या गार पाणी कमी पितात, तेव्हा सकाळी कोमट पाणी द्यावे. गूळ-हळदीच्या पाण्याचा गुण मला कधी दिसला नाही. मात्र खुराड्याजवळ शेकोटी कुणीही पेटवू नये. धूर आत भरतो, आणि तूस पेटायला एक ठिणगी पुरते.

वाडी

एक अडचण विचारायची आहे. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस येतो, कधी गारांसह. बारदान भिजले की दोन दिवस वाळत नाही आणि ओला पडदा तर उघड्या जाळीपेक्षा वाईट. यावर कुणी काय केले आहे?

मनीषनगर

ताई, आम्ही पत्रा दीड हात पुढे वाढवला आणि बारदानाच्या बाहेरून प्लॅस्टिकचा वेगळा पडदा टांगला. तो छपराच्या कडेलाच बांधल्याने जाळीपासून हातभर लांब राहतो, पाणी बाहेर पडते आणि मधून हवा फिरते. पाऊस थांबला की प्लॅस्टिक लगेच गुंडाळतो. बारदानाचे दोन जोड ठेवलेत, एक वाळत असताना दुसरा लावायला. राणीखेत या कोंबड्यांच्या साथरोगाची लस मात्र या सगळ्याच्या आधी, ऑक्टोबरमध्येच टोचून घ्यावी.