दगडफूल सजीव की निर्जीव? आणि पंचसृष्टीच्या (सजीवांच्या पाच मोठ्या गटांच्या) तक्त्यात ते बसवायचं कुठे?

नववी_विज्ञान
गोड्या मसाल्यातलं दगडफूल वर्गात दाखवायचं आहे. दोन शंका आहेत. दुकानातल्या पुडीतलं वाळकं, कुरकुरीत दगडफूल जिवंत धरायचं का? ते ना वाढतं, ना हलतं. पण भिजवलं की हिरवट होतं, तो जिवंतपणाचा पुरावा मानावा का? आणि तक्त्यात ते वनस्पतींत घालायचं की कवकांत (बुरशीच्या गटात)? पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत.

काचपट्टी
दुसरी शंका आधी घेतो, कारण ती डोळ्यांनी दाखवता येते. दगडफूल म्हणजे शैवाक. तो एक जीव नाही, बिऱ्हाड आहे: कवकाचे धागे आणि त्यांच्यात कोंडलेलं शैवाल.

तुकडा दहा मिनिटं पाण्यात ठेवा, नुसता कोरडा कापलात तर चुरा होईल. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन त्यात तुकडा उभा धरा आणि नव्या ब्लेडने फोडीसकट पातळ चकत्या काढा. वीसेक काढल्यात तर दोन-तीन कामाच्या निघतात. थेंबभर पाण्यात ठेवून आधी १०० पट, मग ४०० पट मोठं करून बघा. वर घट्ट विणीची साल, तिच्या लगेच खाली हिरव्या गोळ्यांची रांग (हेच शैवाल), मग कापसासारखा पांढरा, सैल धाग्यांचा थर आणि तळाशी काळी साल. हिरवी रांग दिसत नसेल तर चकती जाड झाली आहे किंवा तिरकी कापली गेली आहे. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू (कवक रंगवायचं निळं द्रावण) असेल तर एक थेंब टाका, धागे निळे होऊन वेगळे उठून दिसतात.

मसाल्यातलं दगडफूल बहुतेक पार्मोट्रेमा प्रजातीचं असतं, पण पुडीत दोन-चार जातींची सरमिसळ आणि झाडाच्या सालीचे तुकडेही असतात. चकतीत हिरवा थर सापडलाच नाही, नुसते चौकोनी कप्पे दिसले, तर तुम्ही झाडाची साल कापली आहे.

मसालेवाली
भिजवल्यावर हिरवं होतं म्हणजे जिवंतच की. मेलेली वस्तू रंग कशी बदलेल?

काचपट्टी
नाही, इथेच फसगत होते. कोरडी साल अपारदर्शक असते म्हणून वरून करडी दिसते. ओली झाली की पारदर्शक होते आणि खालचं हरितद्रव्य दिसू लागतं. ओल्या कागदातून पलीकडची अक्षरं दिसतात, तसंच. हरितद्रव्य टिकून असेल तर मेलेला तुकडाही हिरवट दिसेल.

चुनखडी
श्वसन तपासा, पण नियंत्रण, म्हणजे तुलनेच्या बरण्या, ठेवूनच. पानाला लावायचा चुना चमचाभर, २५० मिली पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरची निवळी गाळ न हलवता ओतून घ्या. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. सारख्या आकाराच्या, घट्ट झाकणाच्या तीन बरण्या घ्या, प्रत्येकीत २० मिली निवळीची छोटी वाटी. पहिलीत ५ ग्रॅम दगडफूल पाणी शिंपडून, दुसरीत तेवढंच पण दहा मिनिटं उकळून गार केलेलं, तिसरीत नुसता ओला कापूस. तिन्ही काळ्या कापडात गुंडाळा. उजेडात ठेवल्यात तर शैवाल प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेईल आणि निवळी स्वच्छ राहील.

२४ तासांनी बघा. पातळ साय तिन्हींवर येऊ शकते, ती बरणीतल्या हवेमुळे. फरक बघायचा तो दुधाळपणाचा. त्याहून जास्त वेळ ठेवलंत तर भुरा येईल आणि भुऱ्याचंच श्वसन मोजलं जाईल.

पहिली बरणी दुधाळ झाली तरी सिद्ध एवढंच होतं की आत काहीतरी श्वास घेतंय. धुळीबरोबर आलेले जिवाणूही असू शकतात. पुडी वर्ष-दोन वर्षं जुनी असेल तर मला तरी तीच शक्यता जास्त वाटते. पावसाळ्यात आंबोली-महाबळेश्वरकडे खाली पडलेल्या फांदीवरचा ताजा तुकडा जास्त भरवशाचा. झाडावरचा खरवडू नका, ही मंडळी वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.

«वाढत नाही म्हणून निर्जीव» हा निकष मात्र मुलांच्या डोक्यातून काढाच. शैवाकाला पाणी शोषायला मुळं नाहीत, पाणी धरून ठेवायची सोय नाही. हवा कोरडी झाली की तो सुकतो आणि आतली कामं जवळजवळ थांबतात, ओल मिळाली की पुन्हा सुरू. २००५ मध्ये शैवाकांच्या दोन जाती फोटॉन-एम२ यानाबाहेर सुमारे दोन आठवडे उघड्या अवकाशात ठेवल्या होत्या. परतल्यावर त्यांचं प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं. वाळवणातला मूगही असाच थांबलेला असतो. उलट तुरटीचा खडा द्रावणात वाढतो, म्हणून तो सजीव होत नाही.

नववी_विज्ञान
मग तक्त्यात नक्की काय लिहू?

काचपट्टी
कवक. लिनिअसने १७५३ मध्ये शैवाकं वनस्पतींत, शैवालांच्या गटात टाकली होती. हे दुहेरी बिऱ्हाड आहे असं स्वित्झर्लंडच्या श्वेंडेनरने १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा मोठमोठ्या शैवाक-अभ्यासकांनी ते उडवून लावलं. पंचसृष्टी मांडणाऱ्या व्हिटेकरच्या १९६९ च्या वर्गीकरणातही शैवाकाला स्वतंत्र घर नाही. नामकरणाच्या नियमानुसार शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या कवकाचं समजतात, शैवालाचं नाव वेगळं. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या वरच्या सालीत यीस्टसारखं आणखी एक कवकही सापडलं, पण ते नववीच्या तक्त्यात नको.

पाटी अशी करा:
सृष्टी कवक, संघ अ‍ॅस्कोमायकोटा, कुल पार्मेलिएसी, प्रजाती पार्मोट्रेमा. खाली बारीक अक्षरात: सोबत ट्रेबॉक्सिया, एकपेशीय हरित शैवाल.

जातीचं नाव लिहू नका. त्यासाठी कडेचे केस, पृष्ठभागावरची पिठूळ कणी आणि कॉस्टिक पोटॅशच्या थेंबाने येणारा रंग, तिन्ही बघावं लागतं, आणि पुडीतल्या चुऱ्यात कडा शाबूत सापडणं मुश्कील.