टेक्निकल हायस्कूलचं काय झालं?

प्रश्न: आठवी ते दहावी टेक्निकलला (शाळेच्या विषयांसोबत वर्कशॉपचं काम शिकवायचे तिथे) होतो, आमच्या सेंटरला आता कुलूप आहे. कोणी सांगेल का असं का झालं?

कानसवाला: अरे आपली शाळा वेगळी आणि वर्कशॉप वेगळं, दप्तर घेऊन पळत जायचो! एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा कानशीने घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून फटीतून उजेड दिसला की सर परत पाठवायचे. १९८४ ला व्यवसाय शिक्षणाचं वेगळं संचालनालय झालं, सेंटरं तिकडे गेली.

बायफोकल: अकरावी-बारावीला आमचा बायफोकलचा, म्हणजे नेहमीच्या विषयांसोबतचा व्यवसाय विषय, २०० मार्कांचा इलेक्ट्रॉनिक्स असायचा. पुढे सीईटीचं (प्रवेश परीक्षेचं) वेड आलं, क्लासवाल्यांनी वेळ खाल्ला, त्यात मास्तर रिटायर झाले की जागा रिकामीच, मग पोरं कशाला येतील?

कानसवाला: दहावीनंतर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला टेक्निकलवाल्यांना राखीव जागा असायच्या, निम्मी गर्दी त्यासाठीच होती राव.