मदत हवी आहे: कीबोर्डची स्विचेस बनणं बंद झालं. साठा करू की कीबोर्डच बदलू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

प्रश्न आधी लिहिते, रडगाणं नंतर. माझ्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये (यात प्रत्येक बटणाखाली वेगळं स्विच असतं) आल्प्स पद्धतीची, म्हणजे आल्प्स कंपनीच्या मापाची, क्लिकी (दाबल्यावर टक् वाजणारी) स्विचेस आहेत. बनवणाऱ्या कंपनीने ती बंद केली. इकडे माझी दोन-तीन बटणं दगा देऊ लागली आहेत. सुटी स्विचेस मिळतील तेवढी घेऊन ठेवावीत, की हा कीबोर्ड सोडून सरळ चेरी एमएक्स पद्धतीच्या (चेरी कंपनीच्या मापाची स्विचेस असलेल्या) कीबोर्डकडे वळावं? आणि वळायचंच झालं तर बोटांना त्यातल्या त्यात जवळचं वाटेल असं स्विच कोणतं?

सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ माझं टायपिंग-डीटीपीचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, पुरशिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन), लेखी जबाब, भाडेकरार, जे येईल ते. दिवसभर मराठी, तेही इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीमध्ये. टायपिंग नागपुरातल्या महाल भागातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी मशीनवर शिकले; मराठी ३० आणि ४० (मिनिटाला शब्द) दोन्ही परीक्षा तशाच मशीनवर दिल्या. त्यामुळे बटण दाबलं की बोटाला ते लागलं पाहिजे आणि कानाला कळलं पाहिजे. मेम्ब्रेनच्या (बटणांखाली रबरी पडदा असलेल्या) कीबोर्डवर माझा वेग पडतो, शिवाय बटण बसलं की नाही या शंकेने मी जोरजोरात ठोकते आणि संध्याकाळी मनगट धरून बसते. हा कीबोर्ड भावाने परदेशातून येताना आणला आणि तो त्रास संपला. म्हणून एवढा जीव.

आता दुखणं. इनस्क्रिप्टवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: त्यात स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. काना असतो इंग्रजी 'ई'च्या बटणावर आणि पायमोड, म्हणजे हलन्त, त्याच्या खालच्या 'डी'वर. मराठीतली सगळ्यात राबणारी ही दोन्ही चिन्हं डाव्या हाताच्या एकाच मधल्या बोटाखाली. तर नेमकी हीच दोन स्विचेस आता एका दाबात दोनदा उमटू लागली आहेत. काना दोनदा पडला की दुसऱ्याच्या आधी ते ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं, ते निदान दिसतं तरी. हलन्त दोनदा पडला की जोडाक्षर फुटतं, आणि तपासताना ते नजरेतून सुटतं. वकील साहेबांच्या नजरेतून मात्र सुटत नाही. 'र' म्हणजे 'जे'चं बटणही अधूनमधून तेच करून राहिलं आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, कूलर दिवसभर माझ्या टेबलाकडे तोंड करून असतो. धूळ आणि ओल दोन्ही आत जात असणार.

कीबोर्डच्या कंपनीला मेल केला होता. त्यांनी सभ्यपणे कळवलं की हे स्विच आता बनत नाही, सुटे भाग संपले, पुढच्या मॉडेलमध्ये वेगळं स्विच येईल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धागा कुणाला बोल लावायला काढलेला नाही आणि खपत नाही ते कुणी किती दिवस बनवावं? पण माझं काम अडलं आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडे आल्प्स पद्धतीच्या स्विचेसची एक जुनी पिशवी आहे म्हणे. तैवानी माल, कोणत्या काळातला ते त्यालाही सांगता येत नाही. सगळी एकदम घेतली तरच देईन म्हणतो. घेऊ का? आणि नागपुरात बारीक सोल्डरिंग नीट करून देणारं कुणी आहे का? बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) मोबाइलवाल्यांना विचारलं, कीबोर्ड म्हटल्यावर ते नवीन घ्या म्हणतात.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, पिशवीला हात लावू नका, आधी मोजमाप. एक कीकॅप (बटणावरची टोपी) ओढून काढा. आतल्या स्टेमला (टोपी जिच्यावर बसते त्या दांडीला) अधिकचं चिन्ह असेल तर ते एमएक्स घराणं, आडवी आयताकृती खाच असेल तर आल्प्स. धातूच्या प्लेटमधलं भोकही बघा. एमएक्सचं १४ × १४ मिमी चौरस असतं, आल्प्सचं १५.५ × १२.८. म्हणजे तुमच्याच कीबोर्डात एमएक्स बसवू, असा विचार असेल तर तो सोडा. भोक वेगळं, खालच्या पिनांच्या जागा वेगळ्या, कीकॅप वेगळे.

दुसरं, तुमच्याकडे सुटे भाग आहेत, आणि तेही कीबोर्डातच. स्क्रोल लॉक, पॉज, एफ ९ ते एफ १२. इनस्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्याने स्क्रोल लॉक शेवटचं कधी दाबलं होतं? तिथली स्विचेस जवळपास कोरी असतील. ती काढून काना, पायमोड आणि 'र'खाली लावा, तिथली थकलेली वर पाठवा.

प्रतिसाद २ (ठाणे)

एवढा खटाटोप कशाला? पाचशे रुपयांत चांगला मेम्ब्रेन कीबोर्ड मिळतो, बिघडला की फेकायचा. माझं ऑफिस वर्षानुवर्षं त्यावरच चाललंय.

धागाकर्ती

ठाण्याचे दादा, धागा वाचून प्रतिसाद दिला असता तर मनगटाचा उल्लेख दिसला असता.

पुण्याचे दादा, खाच आयताकृतीच आहे, भोकही तुम्ही म्हणता तसंच आडवं. स्क्रोल लॉकची कल्पना फारच आवडली. आमच्या इन्स्टिट्यूटचे सर हेच करत. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, पण सरांनी बंद पडलेली यंत्रं मागच्या खोलीत रचून ठेवली होती आणि एकाचा टाइपबार (अक्षर उमटवणारी दांडी) दुसऱ्याला लावत. आमच्या बॅचच्या मुलींनी त्या खोलीला दवाखाना नाव ठेवलं होतं. पण स्विच काढायचं म्हणजे सोल्डर काढणं आलं ना?

प्रतिसाद १ (पुणे)

पूर्ण काढायचं तर हो. पण आल्प्स पद्धतीचं एक सुख आहे. एमएक्स स्विच प्लेटमध्ये बसलेलं असताना बहुधा उघडत नाही, प्लेटला तशा खाचा असाव्या लागतात. आल्प्सचं झाकण वरूनच उघडता येतं. दोन बाजूंच्या कड्या दोन बारीक चपट्या चिमट्यांनी एकाच वेळी सोडवायच्या, झाकण वर येतं. मग स्लायडर (दाबल्यावर खाली जाणारा भाग), स्प्रिंग आणि क्लिकची पत्री हातात येते. ती पत्री वाकवू नका. क्लिक तिच्यामुळेच आहे. वाकली की बटण बोथट होतं.

संपर्काचा भाग मात्र खालीच राहतो, त्याच्या पिना सोल्डर केलेल्या असतात. आणि दोनदा उमटण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं: धूळ किंवा काळवंडलेला संपर्क. म्हणून वरचे भाग अदलाबदल करून हा रोग जाणार नाही. आधी सफाई करा. केबल काढून ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब, बटण भरपूर वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या. घरातल्या बिजागरीला मारतात तो तेलाचा स्प्रे मारू नका, धूळ त्याला चिकटून बसेल. सफाईने फरक पडला नाही तरच सोल्डरिंग.

प्रतिसाद ३ (नाशिक)

तात्पुरता उपाय सांगतो. विंडोजमध्ये फिल्टर कीज म्हणून सोय आहे, त्यात बाउन्स कीज चालू करा. एकच बटण ठरावीक वेळेच्या आत पुन्हा दाबलं गेलं तर विंडोज ते मोजत नाही.

धागाकर्ती

करून पाहिलं. कमीत कमी वेळ अर्धा सेकंद आहे. माझ्या वेगाला तो फार होतो. 'बबन'चा 'बन' झाला आणि 'ममता'ची 'मता'. प्रतिज्ञापत्रात पक्षकाराचं नाव असं कापलं तर काय होईल ते सांगायला नको.

प्रतिसाद ३ (नाशिक)

हो, खरंय. तो अर्धा सेकंद फक्त खिडकीतल्या यादीत आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'कीबोर्ड रिस्पॉन्स' खाली बाउन्सटाइमची नोंद मिलिसेकंदांत असते, तिथे ४०-५० टाकून बघा. रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवा. 'बबन' जगेल, कारण दोन 'ब'मध्ये माणसाचं बोट त्याहून जास्त वेळ घेतं.

प्रतिसाद ४ (नागपूर, मनीषनगर)

ताई, मी इथंच आहे, काऊन बर्डीभर फिरून राहिल्या? सोल्डरिंग मी करून देतो, सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) आणि आयर्न (सोल्डरिंगची तापती सळई) दोन्ही आहे. जुन्या बोर्डावर उष्णता जास्त झाली की तांब्याचा पॅड उखडतो, म्हणून मोबाइलवाल्याला घाईगडबडीत देऊ नका.

पण माझं मत पिशवीच्या विरोधात आहे. तो माल न वापरलेला आहे की जुन्या कीबोर्डातून उपटलेला, ते कोण सांगणार? पिनांवर सोल्डरचा अंश असेल तर उपटलेला. न वापरलेला असला तरी मुंबईच्या दमट हवेत पडून संपर्क काळवंडले असतील. नकलांचा दर्जाही सारखा नसतो, तुमच्या स्विचसारखीच क्लिक येईल याची खात्री नाही. पाच नग नमुना मागा. देत नसेल तर राम राम.

लांबचा विचार केला तर एमएक्सकडे या. ते एमएक्स चांगलं म्हणून नाही, मला स्वतःला आल्प्सची क्लिक जास्त आवडते. पण चेरीचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू, टीटीसी या कंपन्या सगळ्या त्याच मापात बनवू लागले. त्यातलं एखादं स्विच उद्या बंद झालं तर त्याच भोकात दुसऱ्याचं बसतं. आल्प्सच्या मापात बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, एकाने हात वर केला की तुमच्यासारखं होतं. कीबोर्ड हॉट-स्वॅप घ्या, म्हणजे सॉकेटवाला. स्विच चिमट्याने ओढायचं, नवीन दाबून बसवायचं, आयर्नचं काम नाही. काना बिघडला तर दोन मिनिटांत नवा काना.

स्विच म्हणाल तर कैलचं बॉक्स जेड किंवा बॉक्स नेव्ही. एमएक्स ब्लू घेऊ नका, त्याची क्लिक पोकळ वाटते. जेड आणि नेव्हीत क्लिकसाठी जाड तार असते, बोटाला स्पष्ट ठोका लागतो. जाताना वाजते आणि येतानाही वाजते, ते दोनदा वाजणं तुम्हाला सुरुवातीला खटकेल. नेव्हीची स्प्रिंग जड आहे. दिवसभराच्या कामाला आणि दुखऱ्या मनगटाला मी जेडच म्हणेन. शिवाय बॉक्समध्ये संपर्क बंद डबीत असतो, कंपनी त्याला आयपी ५६ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) सांगते. तुमच्या कूलरपुढे त्याचा उपयोग होईल.

प्रतिसाद १ (पुणे)

मनीषनगरशी सहमत, एक भर. बॉक्सच्या सुरुवातीच्या मालात स्टेम जाड असल्याने कीकॅपला तडे जायचे. २०१८ नंतर ते सुधारलं आहे, पण जुना पडून असलेला माल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आणि अलीएक्सप्रेसवरून मागवा असं कुणी सांगेल; नोव्हेंबर २०२० पासून त्यावर आपल्याकडे बंदी आहे. भारतातली ऑनलाइन दुकानं ही स्विचेस ठेवतात.

प्रतिसाद ५ (छत्रपती संभाजीनगर)

मी उलट सांगेन. ताईंची बोटं वर्षानुवर्षं एका दाबाला सरावली आहेत. शंभरेक स्विचेस कीबोर्डात आहेत, त्यातली खरी राबतात तीस-पस्तीस. पुण्याच्या मित्राने सांगितलेली अदलाबदल केली तर हा कीबोर्ड आणखी बरीच वर्षं जाईल. नवीन घ्यायची घाई कशाला? पैसे वर आले आहेत का?

प्रतिसाद ४ (नागपूर, मनीषनगर)

भाऊ, पण कोर्टाची तारीख स्विच बिघडायची वाट पाहत नाही ना. एक चालू कीबोर्ड हाताशी पाहिजेच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल अल्कोहोलने तिन्ही बटणं साफ केली. 'र' शहाण्यासारखा वागू लागला. काना बराच सुधारला, पायमोड अजून हट्टी आहे. बाउन्सटाइम ५० ठेवला आहे, 'बबन' शाबूत.

लॅमिंग्टन रोडवाल्याने नमुना द्यायला नकार दिला, त्यामुळे तो विषय संपला.

मनीषनगरचे भाऊ, पायमोड आणि स्क्रोल लॉकची अदलाबदल तुमच्याकडून करून घेईन. मेहनताना ठरवूनच येईन, नाही म्हणू नका. आणि तुमच्याकडे जेड लावलेला कीबोर्ड असेल तर त्यावर मला एक अख्खं भाडेकरारपत्र टाइप करू द्या. चार अक्षरं दाबून काही कळत नाही. दुसऱ्या पानावर मनगट काय म्हणतं ते बघायचं आहे. पटलं तर हॉट-स्वॅप घेईन आणि हा जुना दुपारनंतरच्या कामाला ठेवेन.

आता उरलेला प्रश्न: इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट फार लागतो, 'ळ', 'श', 'ण', 'भ', 'ध' सगळी शिफ्टवर. डाव्या करंगळीसाठी फक्त शिफ्टखाली हलकी स्प्रिंग असलेलं स्विच लावलं तर चालतं का, की मोठ्या बटणाखाली हलकं स्विच नीट वर येत नाही? कुणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (पुणे)

मी केलंय. चालतं, पण शिफ्टच्या स्टॅबिलायझरला (लांब बटण सरळ खाली-वर ठेवणाऱ्या तारेला) चांगलं ग्रीस लागतं, नाहीतर हलकी स्प्रिंग बटण सावकाश वर आणते आणि पुढचं अक्षरही शिफ्टमध्ये जातं. 'श' नंतर 'स' हवा असेल आणि बटण वर आलं नसेल तर पुन्हा 'श'च पडेल. हॉट-स्वॅप घेतलात की आधी बॉक्स व्हाइट शिफ्टखाली लावून बघा. त्याची तार बारीक, दाब कमी, आणि आवाज बाकीच्यांशी जुळतो.